अनसाबाईंच्या दुलईत खोट नव्हती

नगरजवळ केडगावात पुणे रस्त्याला लागून अनसाबाईंचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. कोणी पांघरुणासाठी आलं की नाव-गाव विचारायच्या आधी बाई म्हणायच्या, "झोपा." दुकानाच्या फरशीवर एक ताडपत्री कायम पसरलेली असे. तिच्यावर आडवं व्हायचं. समोरून उसाचे ट्रक चाललेले, शेजारचा पंक्चरवाला हातातलं चाक सोडून बघतोय, आणि आपण डोळे मिटून पडलेलो. वरून बाई ओरडणार, "असं सरळ कोन झोपतं हो? फोटू काढायचाय का? घरी झोपता तसं झोपा." मग लाजत लाजत कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. तेवढ्यात त्यांची टेप खांद्यापासून टाचेपर्यंत फिरून झालेली असे. "आधी अंग, मग कापड," असं त्या म्हणत. टेपवरचा आकडा कुठे लिहून ठेवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मी भूगोलाचा शिक्षक होतो. सावेडीत राहतो, वय शहात्तर. निवृत्तीनंतर बरीच वर्षं आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या मोहिमा मी नेल्या. मंडळाच्या याच वार्षिक अंकात मी एकदा अनसाबाईंच्या कामाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या खोट्या होत्या. ते कसं घडलं हे सांगायलाच हा लेख लिहितो आहे. पण ज्यांनी बाईंना पाहिलं नाही, त्यांना त्या आधी कळायला हव्यात.

त्यांचे मालक ट्रकचे हूड आणि ताडपत्र्या शिवत. ते अचानक गेले तेव्हा बाई तिशीच्या होत्या आणि बापू, त्यांचा मुलगा, पाळण्यातून नुकता बाहेर आलेला. दिरांनी मशीन विकायचा सल्ला दिला. बाईंनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनला तेल घातलं. तेव्हापासून त्या रस्त्यावरच्या निम्म्या ट्रकांच्या डोक्यावर त्यांची शिवण होती. आपल्या कामाबद्दल त्या कधी बढाई मारत नसत. कोणी स्तुती केलीच तर म्हणत, "शिवन बोलत न्हाई. गळती बोलती. पाऊस होऊ द्या, मग सांगा."

मी पहिल्यांदा गेलो तो माझ्या स्लीपिंग बॅगची चेन तुटली म्हणून. नगरच्या जुन्या बाजारात लष्कराने मोडीत काढलेलं सामान येतं. तिथून आमच्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी बदकाच्या पिसांच्या बॅगा घेतल्या होत्या. खांद्याला रुंद, पायाशी निमुळती, डोक्यावर टोपी आणि चेन हनुवटीपर्यंत. बाईंनी ती बॅग फरशीवर पसरली, उलटसुलट केली आणि त्या चक्क लुगड्यासकट आत शिरल्या. "बापू, लाव रे चेन." बापूने अर्धीमुर्धी चेन ओढली. बाईंनी कुशीवर वळायचा प्रयत्न केला तर सगळी बॅगच वळली.

"काढ, काढ, जीव घाबरला," त्या आतून म्हणाल्या. बाहेर येऊन केस सारखे करत मला विचारलं, "सर, ह्याला म्हनत्यात काय?"

"ममी बॅग. जुन्या काळी तिकडे मेलेल्या राजांना असं गुंडाळून ठेवायचे. तो आकार आहे."

"मग मेल्यावर वापरा की. आत्ताच कशाला?"

पंक्चरवाला खो खो हसला. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्या बॅगेत मला एक दिवसही धड झोप लागली नव्हती. मी कुशीवर झोपणारा. सकाळी उठलो की कोणी बांधून ठेवल्यासारखे खांदे आखडलेले असत. बाईंनी बॅगेचा खालचा भाग तळहातांमध्ये धरून दाबला. मग वरचा भाग हातावर नुसताच ठेवला. तो फुगून वर आला.

"हे बगा. मोकळी हायत तवर ही पिसं गरम. दाबली की मेली. आन् पाठीखालची तर तुमी सोताच दाबून मारताय. म्हंजे निम्मी बॅग तुमी डोंगरावर नुसती वझं म्हनून नेताय."

"मग काय करायचं?"

"पाठीखालचं कापून टाकू. वरून पांघरून, पायाला पिशवी. बास."

मी बॅग ओढून घेतली आणि घरी आलो. सहाशे फुटांच्या टेकडीवर जायचं तरी चार पुस्तकं वाचणारा मी. ताडपत्रीवालीचं ऐकून पिसांच्या बॅगेला कात्री लावणार? पण त्यांचं बोलणं डोक्यातून जाईना. चार दिवसांनी मी ती बॅग घेऊन परत गेलो. बाईंनी कात्री आधीच काढून ठेवली होती.

माझी दुलई पाहून मंडळातले बाकीचेही आपापल्या बॅगा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. पिसांचं काम त्या दुपारी करत. पंखा बंद, शटर कमरेइतकं खाली, तोंडाला फडकं. उन्हाने तापलेल्या त्या दुकानात त्या घामाने निथळत बसत आणि वाऱ्याची झुळूक आली तर तिलाही शिव्या देत. जुन्या बॅगेतली पिसं काढायची, नव्या कापडाचे कप्पे शिवायचे, प्रत्येक कप्प्यात पिसं मोजून भरायची. एका दुलईला बावीस कप्पे. भरून झालं की प्रत्येक कप्पा दाबायचा आणि तो किती वेळात वर येतो ते बघायचं. एखादा रेंगाळला तर तेवढी शिवण उसवून पुन्हा भरायची. एकदा एक ट्रक ड्रायव्हर शटरखालून डोकावला. बाईंच्या भुवयांवर, हातांवर, लुगड्यावर पांढरी पिसं चिकटली होती.

"काय अनसाक्का, कोंबड्या सोलताय का?"

"तुलाच सोलते, थांब. आन् शटर सोड, वारा येतोय."

बॅगेच्या उरलेल्या टोपीचं त्यांनी कानावर बांधायचं टोपडं करून दिलं. मंडळातले पन्नाशी-साठीचे बाप्ये ते टोपडं हनुवटीखाली बांधून बसले की बारशाला आल्यासारखे दिसत. पण दुलई हातात देताना बाई एक गोष्ट प्रत्येकाला ठणकावून सांगत. दुलईच्या दोन्ही कडांना त्यांनी इलॅस्टिकचे पट्टे लावले होते. ते खालच्या फोमच्या मॅटला अडकवायचे, म्हणजे कूस बदलली तरी वारा शिरत नाही. "वरनं मी हाय," त्या म्हणत, "खालनं जमीन हाय. ती माझं ऐकत न्हाई. मॅट घातल्याबिगर ह्यात झोपायचं न्हाई. झोपलात आन् गारठलात, तर माझ्या नावानं बोंब मारायची न्हाई."

पहिल्या पाच दुलया झाल्यावर त्यांनी हट्टच धरला. "मला गडावर न्या. ताडपत्री शिवली की मी पावसात तिच्याखाली उभं ऱ्हाऊन बगते. ह्याच्यात झोपल्याबिगर मला कसं कळनार?" आम्ही त्यांना रतनगडावर नेलं. लुगड्याचा काचा मारलेला, पायात बापूचे बूट, पाठीवर कोणालाही हात लावू न दिलेली पिशवी. शिडीपाशी मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "सर, मी ट्रकच्या टपावर चढून हुकं ठोकते. तुमी तुमचं बगा." संध्याकाळी सगळ्यांनी अंथरुणं घातल्यावर त्या एकेकाजवळ जाऊन पट्टे अडकवलेत का ते बघत फिरल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे चहा पिताना मी विचारलं, झोप कशी लागली? बाई खुशीत म्हणाल्या, "लई वेळा कूस बदलली, सर. आन् कुनाची परवानगी घेतली न्हाई."

बघता बघता मंडळात पंधरा दुलया झाल्या. ममी बॅगेच्या निम्म्या वजनात काम होऊ लागलं. आमच्या पाठी हलक्या झाल्या तशी माझ्या डोक्यात हवा शिरली. पुण्याच्या एका गटाच्या कानावर हे गेलं. त्यांचा म्होरक्या फोनवर म्हणाला, आम्ही तुमच्यासोबत हरिश्चंद्रगडावर येतो, दुलया बघतो, पटल्या तर तुमच्या बाईंकडून आमच्या तीस जणांसाठी करून घेऊ. बाईंना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी बापू पेठेतून नवं कापड बघून आला. मी मात्र त्या म्होरक्याला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो होतो, "आमच्यात पाच किलोच्या वर एकही पाठ नसते."

त्या खेपेला बाई आल्या नाहीत, बापूच्या लग्नाची बोलणी चालू होती. गडाच्या पायथ्याला, पाचनईला जीप थांबली. पुण्याची मंडळी आमच्याभोवती गोळा झाली आणि मी ताणकाटा काढून एकेक सॅक टांगू लागलो. सगळ्या पाचच्या आत भरल्या. शेवटची राहिली कुलथ्याची. कुलथे माझा शाळेपासूनचा सहकारी, हस्तकला शिकवायचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याची सॅक काट्यावर साडेपाच दाखवू लागली.

मी त्याला जीपच्या मागे नेलं. "थर्मास काढ."

"थर्मास राहू दे रे. मला पहाटे गरम पाणी लागतं."

"मग मॅट ठेव गाडीत. गुहेत पेंढा असतो, त्यावर झोप."

"बाई काय म्हणाल्या होत्या?"

"बाईंना काय माहीत हरिश्चंद्रगड? मी वीस वेळा आलोय."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मॅट सोडून दिली. मी ती सीटखाली सरकवली, सॅक परत काट्याला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा वाचला.

गुहेत पेंढा नव्हता. नुसता दगड होता, डिसेंबरचा. कुलथ्याने कडेची जागा धरली, सॅकचं रिकामं कापड अंगाखाली घेतलं आणि वरून दुलई. आम्ही अंधार पडल्यावर पोचलो होतो, त्यामुळे कोणाच्या अंगाखाली काय आहे ते कोणी पाहिलं नाही. मी माझ्या मॅटवर गाढ झोपलो. उजाडल्यावर चहाचा कप त्याच्या हातात दिला तर तो त्याला धरता येईना. ओठ निळे पडले होते, शब्द जड येत होते. दोन पावलं टाकून तो भिंतीला टेकला. आम्ही त्याला मधे घेतलं, गरम पाणी पाजलं, अंग चोळलं. मग गडावरच्या पोरांनी घोंगडी आणि वाशाची डोली केली आणि त्याला खाली उतरवलं. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस काढून तो घरी आला. पण डोंगर त्याचा तिथेच संपला.

पुण्याचा म्होरक्या उतरताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, त्या दुलईतच काहीतरी गडबड असणार. बाकीच्यांना कसं काही झालं नाही?" मी "असेल" म्हणालो. एवढंच. एकदा "असेल" म्हटल्यावर पुढचं सगळं उतरणीला लागल्यासारखं आपोआप होत गेलं. मंडळाने अहवाल मागितला. मी लिहिलं, "स्थानिक कारागिराकडून करून घेतलेल्या दुलईतील पिसांची भरणी सदोष असल्याने एका सदस्यास बाधा झाली. यापुढे सदस्यांनी कंपनीच्या ममी बॅगाच वापराव्यात." तो अंकात छापून आला. तीस दुलयांचं कोणी पुन्हा काढलंच नाही. अहवालात मी बाईंचं नाव लिहिलं नव्हतं. ते मला त्या वेळी सभ्यपणाचं वाटलं होतं.

अहवाल छापून यायच्या आधीच बाई रिक्षाने सावेडीला आमच्या घरी आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या. काखेत कुलथ्याची दुलई होती, तो दवाखान्यात असतानाच त्याच्या घरून मागून आणलेली.

"सर, खाली काय घातलं हुतं?"

"मॅट होती की."

"पक्की?"

"मीच अंथरली."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना शंका नव्हती. त्या मनातल्या मनात काहीतरी जुळवत होत्या. आमच्या हिने दिलेलं पाणी त्या उभ्यानेच प्यायल्या. "मग माझंच चुकलं," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी घरोघर जाऊन बाकीच्या चौदा दुलया गोळा केल्या. "मला बगू द्या," एवढंच प्रत्येकाला सांगितलं. माझ्याकडे मात्र बापूला पाठवलं. त्याच्याकडूनच मला कळत राहिलं की आई रोज दुपारी ब्लेड घेऊन बसते आणि एकेक दुलई उसवते. महिनाभर ते चाललं. नंतर त्यांनी पांघरुणाचं काम कायमचं बंद केलं. कोणी विचारायला आलं तर म्हणत, "मान्साच्या अंगावरचं न्हाई शिवत आता. ट्रक भिजला तर वाळतो."

मी पुणे रस्त्याने जायचं टाळू लागलो. बायपासने जायचो. कुलथे भेटला की आम्ही शाळेच्या, पेन्शनच्या गप्पा मारायचो. एकदाच तो म्हणाला, "मॅट तू काढलीस. सांगायचं तर तूच सांग. मी तुझं नाव सांगणार नाही." ते त्याने मैत्रीखातर म्हटलं आणि मी त्याचा आडोसा केला.

कुलथे गेला तो मूत्रपिंडाच्या आजाराने, बऱ्याच वर्षांनी. डोंगराशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या दहाव्याला अमरधाममध्ये बायकांच्या घोळक्यापासून जरा दूर अनसाबाई उभ्या दिसल्या. वाकलेल्या, एका डोळ्याला हिरवी पट्टी. विधी आटोपल्यावर त्या कुलथ्याच्या बायकोजवळ गेल्या आणि तिचे हात धरून म्हणाल्या, "माज्यामुळं सरांची तब्येत ढासळली, वहिनी. माफ करा."

मी चार हात अंतरावर उभा होतो. वहिनींना काहीच कळलं नाही, त्या नुसत्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी मी केडगावला गेलो. दुकान आता बापू बघत होता. बाई मागच्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. मी खुर्ची घेतली नाही. "बाई, मॅट नव्हती," मी म्हणालो. "कुलथ्याच्या अंगाखाली काहीच नव्हतं. मॅट मी गाडीत ठेवायला लावली. तुमच्याशी खोटं बोललो." मग जीपच्या मागचं सगळं सांगितलं, ताणकाट्यासकट.

बाहेर बापूचं मशीन चालत होतं आणि थांबत होतं.

"अर्ध्या किलोपायी," त्या म्हणाल्या.

"हो."

"चौदा उसवल्या मी, सर. एकेक कप्पा. चूक सापडली न्हाई. तवा मला काय वाटलं ठावं हाय का? चूक न्हाई असं न्हाई वाटलं. तुमी सर, तुमी मॅट अंथरली म्हनला, म्हंजे चूक हायच. मला दिसना झाली. पंचवीस वर्सं शिवून आता माजं मलाच दिसत न्हाई, असं वाटलं मला." त्यांचा आवाज चढला. "ताडपत्री शिवली तरी बापूकडून तपासून घेत हुते. माज्या पोराकडून! त्याला म्या सुई धरायला शिकवली!"

बापूचं मशीन थांबलं. तो दारात आला. मी मान खाली घातली होती. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा जिथं छापलं तिथंच. आन् कारागीर-बिरागीर न्हाई. नाव लिवा माजं."

"लिहितो."

"कौतुक नको. मॅटचं लिवा."

अनसाबाई या पावसाळ्यात गेल्या. अंक वर्षातून एकदाच निघतो, त्यामुळे हे छापलेलं त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी कौतुक करू नका म्हटलं होतं, ते मला पाळता आलेलं नाही. पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं आहे.

मी निघालो तेव्हा त्यांनी बापूला कॉटखालची पत्र्याची पेटी ओढायला सांगितली. पेटीत कुलथ्याची दुलई होती, घडीसुद्धा न मोडलेली.

"ही एकच उसवली न्हाई," त्या म्हणाल्या. "बाकीच्या उसवल्या, पन हिच्यापाशी आले की हात थांबायचा. जिच्यात चूक हाय तिच्यातच मला ती दिसली न्हाई, तर मग माजं काय ऱ्हायलं?"

त्यांनी ब्लेड माझ्या हातात दिलं. "आता तुमी उसवा. माज्यासमोर."

बापूने पंखा बंद केला, खिडकी लावली. मी जमिनीवर मांडी घालून बसलो आणि पहिली शिवण कापली. टाके इतके बारीक होते की ब्लेडचं टोक शिरेना. दोनदा बोट कापलं. एक कप्पा उघडला की बाई कॉटवरून खाली हात सोडत, दोन बोटं आत घालत आणि म्हणत, "पुढचा." अकराव्या कप्प्यापर्यंत माझ्या चष्म्यावर पिसं बसली होती आणि मला नीट दिसत नव्हतं. त्यांना दिसायची गरज नव्हती. त्यांची बोटं आत जात, थांबत, बाहेर येत. बावीसही कप्पे भरलेले होते, काठोकाठ, सगळे सारखे.

शेवटच्या कप्प्यात त्यांनी हात तसाच राहू दिला. मूठ मिटली, उघडली. पिसं हळूहळू त्यांच्या बोटांभोवती वर येत होती.

"बरी शिवली हुती की," त्या म्हणाल्या.